आधी गाऊन दाखव

बंद कर तो कीबोर्ड. वायरच काढून ठेव, म्हणजे मी बोलत असताना बोटं चाळवणार नाहीत. आणि तुम्ही बाकीचे पडवीत काय उभे? आत या, बसा. हे त्याच्या एकट्याच्या कानात सांगायचं नाही. थोड्याफार फरकाने सगळे त्याच वाटेवर आहात, तो दोन पावलं पुढे गेलाय इतकंच.

काल संध्याकाळी या अंगणात कोण कोण आलं होतं, बघितलंत? आरे-वाऱ्यातली माणसं होती, बसणीहून एक पेटीवाले आले होते, काळबादेवीचे ते आजोबा होते, ज्यांनी जन्मभर नमनाला मृदंग वाजवला. शिबिरात पोरं काय शिकली ते ऐकायला आलेली माणसं ती. पर्यटक नव्हते. पर्यटक वरच्या वळणावर गाड्या लावून, फोन उंच धरून सूर्यास्त घेत होते. आणि या ऐकायला आलेल्या माणसांना तू काय ऐकवलंस? नावं. 'आता इथे मोडल इंटरचेंज करतो.' 'हा लिडियन डॉमिनंट.' 'ही ट्रायटोन सबस्टिट्यूशन बरं का.' आजोबांनी मान डोलवली, ती तुला दाद वाटली. अरे, पोराचा हिरमोड नको म्हणून डोलवली त्यांनी. मी तिशीत असल्यापासून त्यांना ओळखतो. दाद द्यायची असली की ते मांडीवर ताल धरतात. काल त्यांचे दोन्ही हात काठीवर होते.

पण ते सोडून देऊ. भाषणाने कुणाचं डोकं दुखलं असेल, बाम लावतील. मला खरा राग आला तो तिच्या पदाच्या वेळी. हो, तुझ्याच. तू मान खाली घालू नकोस, तुझं काही चुकलं नाही. काळी पाचचा तिचा सा, दोन महिने बसवलेलं नाट्यपद, शेवटची ओळ उतरवून तिने सा धरला. तानपुऱ्याचं अ‍ॅप मागे सा-प चालवत होतं. आणि नेमका तिचा सा लागल्यावर तू कोमल रेची कॉर्ड दाबलीस. कोमल रे, मध्यम, कोमल धैवत, शुद्ध निषाद. म्हणजे तिच्या सा च्या एका अंगाला अर्ध्या सुरावर कोमल रे, दुसऱ्या अंगाला अर्ध्या सुरावर निषाद, आणि मधे ही पोरगी एकटी. तिचा सा हलला. बारीक हलला, पण हलला. मी तिच्याकडेच बघत होतो. आणि तू? तू माणसांकडे बघून हसलास आणि म्हणालास, 'आउटसाइड जातोय.'

आउटसाइड! जायचं होतं तर एकट्याने जायचं, तिला कशाला ओढलंस?

आता ती तुझी ट्रायटोन सबस्टिट्यूशन काय असते ते या पेटीवर बघ. पांढरी एकचा सा धरा. टू-फाइव्ह-वन म्हणतात ना, जॅझचा अर्धा संसार त्या तीन कॉर्डवर चालतो. पहिली, रे म ध सां. दुसरी, प नि रे म. तिसरी, सा ग प नि. आता सगळे सूर एकदम दाबायची घाई नको. दोनच बोटं ठेवा, मध्यमावर आणि वरच्या सा वर. पहिल्या कॉर्डचा सगळा स्वभाव या दोन सुरांत आहे. दुसरी कॉर्ड आली, मध्यम जागेवरच, वरचा सा अर्धा सूर उतरून निषादावर. ऐका. तिसरी आली, आता निषाद जागेवर, आणि मध्यम अर्धा सूर उतरून गांधारावर. झालं. आधी एक बोट हललं, मग दुसरं हललं. आयुष्यभर जॅझ वाजवणारे पियानोवाले रोज सकाळी हेच करतात, बाराही पट्ट्यांत.

मधल्या कॉर्डमध्ये मध्यम आणि निषाद समोरासमोर आले, बघा. त्यांच्यात सहा अर्धस्वर. सप्तकाचे बरोबर दोन तुकडे. याला ट्रायटोन म्हणतात, आणि हा स्थिर बसत नाही. निषादाला सा कडे जायचंय, मध्यमाला गांधाराकडे. आता गंमत अशी की हीच जोडी दुसऱ्या एका कॉर्डमध्येही राहते. कोमल रे, मध्यम, कोमल धैवत, निषाद. म्हणून पंचमाच्या कॉर्डच्या जागी कोमल रेची कॉर्ड चालते. वरची दोन बोटं तिथेच, पाया तेवढा बदलला. बासवाला पंचमावरून सा वर उडी घ्यायचा, तो आता कोमल रेवरून अर्धा सूर घसरून सा वर येतो.

येतो, म्हणालो मी. नीट ऐक. ही कॉर्ड सा च्या आधी येते. गाणारा अजून सा वर पोचलेला नसतो, वाटेत असतो. त्याच्या पायाखालची वाट जरा बदलायची, एवढंच तिचं काम. तू ती सा आल्यावर वाजवलीस. नाव बरोबर, सूर बरोबर, बोटं बरोबर, आणि वेळ चुकलेली. आणि वर तानपुरा चालू. ज्या संगीतात सा क्षणभरही थांबत नाही, तिथे ही युक्ती आणायची की नाही हा वेगळाच प्रश्न आहे. तो तुला पडलाच नाही. जॅझमध्ये तानपुरा नसतो रे बाबा. तिथे पाया बासवाल्याच्या हातात असतो आणि तो चालत असतो, म्हणून या गोष्टी शक्य होतात.

मला सांगायचंय ते एवढंच, मग उदाहरणं कितीही घ्या. जॅझमधलं प्रत्येक नाव कुठल्या तरी जागेचं आहे. कशाच्या आधी, कशाच्या नंतर, कितव्या मात्रेवर, खाली पाया कुठला. ते सांगता येत नसेल आणि तोंडाने गाता येत नसेल, तर ते नाव उच्चारायचं नाही. माझ्यासमोर तरी नाही. मिरकरवाड्यावर जाऊन माशांची नावं पाठ केलीस म्हणून घरी कालवण शिजत नाही.

हसू नका. आता तुमच्याकडे येतो.

परवा तुम्ही भिंतीवर तो तक्ता लावलात. 'मोड आणि थाट.' रंगीत पेनांनी. आयोनियन म्हणजे बिलावल, डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, एओलियन म्हणजे आसावरी. सूर जुळतात, मान्य. सहाच्या सहा जुळतात. सातवा, लोक्रियन, त्याच्यापुढे कुणी लिहिलं 'ललत'? ज्याने लिहिलं त्याने हात वर करू नये, मला अक्षर ओळखू येतं. का लिहिलंस? पंचम नाही म्हणून? बरं, कोमल रे आहे, कोमल धैवत आहे, दोन मध्यम आहेत, पंचम नाही, इथवर तुझी नजर पोचली याबद्दल पाच गुण. पण ललतचा गांधार शुद्ध, निषाद शुद्ध. लोक्रियनचे दोन्ही कोमल. गाऊन बघितलं असतंस तर तिसऱ्याच सुराला घसा अडला असता. गायलास नाहीस, डोळ्यांनी जुळवलंस. लोक्रियनला आपल्याकडे थाट नाही, कारण भातखंड्यांच्या दहा थाटांत प्रत्येकाला पंचम आहे. आणि उलट बाजूने बघा, भैरव, पूर्वी, मारवा, तोडी या चार थाटांना त्या सात मोडांत जागा नाही. तक्त्यात त्या चौघांचं काय केलंत? खाली जागा उरली नाही म्हणून गाळलेत.

भातखंड्यांचं नाव घेतलं म्हणून सांगतो. 1860 चा जन्म, मुंबईचा माणूस, पेशाने वकील. देशभर फिरून उस्तादांच्या दारात बसून चिजा ऐकल्या, मिळवल्या, उतरवून काढल्या. त्यातून मग थाटांची मांडणी आली. त्यांच्या वर्गीकरणावर वाद घालणारे पुष्कळ आहेत, मीही घालतो, मारवा थाटाबद्दल तर जरूर घालतो. पण आधी कान, मग कप्पे, हा त्यांचा क्रम होता. तुमचा क्रम असा, आधी कप्पे, मग रंगीत पेनं, आणि कानांचं बघू पुढच्या शिबिरात.

आणि सूर जुळले म्हणजे गोष्ट एक झाली का? परवा फोनवर ते माइल्स डेव्हिसचं 'सो व्हॉट' लावलंत. 1959 ची ती 'काइंड ऑफ ब्लू' नावाची तबकडी. हा लगेच म्हणाला, 'सर, हा तर काफी.' बरं. पांढरी दोनचा तानपुरा लावलास आणि काफीच्या अंगाने आळवायला लागलास. पहिले सोळा बार छान चाललं, तुझी हरकत मलाही आवडली, खोटं कशाला बोलू. मग सतराव्या बारला काय झालं? अख्खा पाया पांढरी दोनवरून काळी दोनवर चढला. सा च बदलला. आठ बार तिथे, मग परत खाली आठ बार. बत्तीस बारांचा तो साचा आहे. तू मात्र तुझ्या जुन्या सा वर बसून राहिलास आणि आठ बार सगळ्यांच्या विरुद्ध वाजवत होतास. तुला ऐकू आलं नाही, कारण तू काफी ऐकत होतास, वाजत होतं ते नाही.

रागात सा हलत नाही. मूर्च्छनेचा खेळ करणारेसुद्धा क्षणभर हलवल्यासारखं दाखवतात आणि तानपुरा त्यांना घरी ओढून आणतो. आणि डोरियन म्हणजे राग नव्हे. त्याला पकड नाही, वादी-संवादी नाही, कुठल्या सुरावर थांबायचं याचा दंडक नाही. ती सात सुरांची जमीन आहे, ती त्या बारांपुरती मिळते आणि काढून घेतली जाते. काफी तुला जन्माचा मिळतो. दोन्हींचे कायदे निराळे. एकाचं नाव दुसऱ्याला लावलंस की दोन्हीकडे परका होतोस.

आता तिकडे कोपऱ्यात गिटार घेऊन बसलेले महाशय. मघापासून गालात हसताय. 'बघा, सर थिअरीवाल्याला झापतायत, मी म्हणतच होतो की हे सगळं फीलचं काम आहे.' नाही. तुमची बाजू मी घेत नाहीये. तुमची तर मुळीच नाही.

फील म्हणे. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबीचा बँड मुंबईत ताजमध्ये वाजवायला आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला. आफ्रिकन-अमेरिकन वादक, अस्सल जॅझ. मुंबईत त्यांच्या शेजारी बसून तो वाजवायला कोण तयार होतं? गोव्याची पोरं. का? त्यांच्या अंगात फील होता म्हणून? तो तुमच्या-आमच्याही अंगात असतो. त्यांना कागद वाचता येत होता. गोव्यात चर्चच्या गावशाळांत संगीताचे मास्तर वाद्य हातात देण्याआधी सोल्फेज म्हणून घ्यायचे, स्वरलिपी बघायची आणि तोंडाने गायची, चुकलं की छडी. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ त्यातूनच आला, ज्याला पुढे मुंबईने चिक चॉकलेट म्हटलं आणि हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून मिरवलं. 1951 च्या 'अलबेला'त तो बँडसकट पडद्यावर दिसतो. संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. एकाच्या अंगात रागदारी, दुसऱ्याच्या हातात ट्रम्पेट आणि लिहिलेलं वाचायची विद्या. दोघांना एकमेकांचं समजत होतं, म्हणून त्या सिनेमातली गाणी आजही लग्नात वाजतात.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. सिनेमातल्या त्या गाण्यामुळे नाव ठाऊक असतं, माणूस ठाऊक नसतो. व्हायोलिनवाले. प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1958 मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर बेतलेल्या रचना लिहिल्या, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला उभं केलं. राग घेऊन तो शंभराच्या आसपास वाद्यांत वाटायचा तर प्रत्येकासमोर ठेवायला कागद लागतो, आणि कागदावर काय लिहायचं ते कळायला शास्त्र लागतं. 'फील करा रे सगळे' म्हणून व्हायोलिनांच्या रांगा एका सुरात येत नाहीत.

तेव्हा, गिटारवाले, तुमचा आळस फीलच्या नावाखाली खपणार नाही. याला नावं येतात आणि सूर ऐकू येत नाहीत. तुम्हाला सूर ऐकू येतात आणि काय वाजवलं ते उद्या पुन्हा सांगता येत नाही. याचं दुखणं बरं होण्यासारखं आहे. तुमचं मला जास्त जड वाटतं.

बरं, आता ब्लूज. सगळ्यांना वाटतं हे सोपं आहे, तीन कॉर्ड, संपलं. आज सकाळभर हाच घेणार आहे, कारण इथे तुम्हाला चोरता येणार नाही.

बारा बार, प्रत्येकात चार मात्रा. अठ्ठेचाळीस. तबलेवाले, अठ्ठेचाळीस म्हणजे तुझ्याकडे काय? बरोबर, त्रितालाची तीन आवर्तनं. आणि ब्लूजच्या कवितेला ओळीही तीन. एक ओळ, तीच ओळ परत, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. म्हणजे ओळीला एक आवर्तन. इतकं घरचं आहे ते. ठेका वेगळा, चलन वेगळं, पण हिशेब तुला पाठ आहे, उगाच घाबरू नकोस.

पहिल्या ओळीला पाया सा चा. कॉर्ड सा ग प आणि कोमल नि. दुसऱ्या ओळीच्या समेवर पाया मध्यमावर जातो आणि कॉर्ड होते म ध सां आणि कोमल ग. थांबा इथे. पहिल्या ओळीत गांधार शुद्ध होता. दुसऱ्या ओळीच्या पहिल्या मात्रेवर तो कोमल झाला. दोन बारांनी पाया सा वर परतला की गांधार पुन्हा शुद्ध. मग तिसरी ओळ, पंचमाचा एक बार, मध्यमाचा एक, आणि सा चे दोन. त्या मध्यमाच्या बारात पुन्हा कोमल गांधार डोकावून जातो.

दोन्ही गांधार आपल्याकडे नाहीत का? जोग आहे. चढताना शुद्ध, उतरताना कोमल. तिथे गांधार कुठला हे तुमची दिशा ठरवते. ब्लूजमध्ये ते तुमचा बार ठरवतो. तुम्ही चढत असा, उतरत असा, नुसते उभे असा, पाचवा बार आला की खालचा गांधार बदललेला आहे. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांत आपण कुठे आहोत याचं भान एका क्षणासाठीही सुटता कामा नये. सुटलं तर ते तुमच्या गांधारावरून अख्ख्या अंगणाला कळतं. काल कळलं. तुम्ही चौघं 'ब्लूज इन एफ' म्हणून जे वाजवत होता, त्यात तिसऱ्या फेरीला दोघं पाचव्या बारात होते, एक सातव्यात आणि चौथा कुठे होता ते त्यालाच ठाऊक. आणि सगळे डोळे मिटून.

यावर हा म्हणेल, 'सर, ब्लूजवाले तर सा च्या कॉर्डवरही कोमल गांधार घेतात.' घेतात. आता बरोबर प्रश्न विचारलास, म्हणजे विचारला असतास. पण तो कोमल गांधार नाही. तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी आहे, आणि जागेवर बसत नाही, सरकत असतो. गाणारा तिथे मींड घेतो, गिटारवाला तार ओढतो, ट्रम्पेटवाला ओठांनी वाकवतो. त्याला ब्लू नोट म्हणतात. या पेटीवर तो नाही. ही कोमल गांधाराची काळी, ही शुद्धाची पांढरी, आणि तो सूर दोन पट्ट्यांच्या फटीत पडलाय. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं ते अशाच तक्रारीवरून, मींड नाही, श्रुती नाहीत. माझं पोट पेटीवर भरतं, तरी सांगतो, तक्रार खोटी नव्हती. पियानोवाले काय करतात, दोन्ही पट्ट्या लागोपाठ चिरडल्यासारख्या वाजवतात आणि मधला सूर ऐकणाऱ्याच्या कानावर सोपवतात. तुझ्या कीबोर्डला ते चाक आहे ना सूर वाकवायचं, त्यावर फार भिस्त ठेवू नकोस. आधी गळ्याने तो गांधार शोध. ही पोरगी तुला दाखवेल. तिच्या गळ्यात तो आहे, तिला त्याचं नाव माहीत नाही एवढंच. काल तुझं नाव तिच्या सुरावर पडलं, आता तिचा सूर तुझ्या नावाला मिळू दे.

स्विंगबद्दल जास्त बोलत नाही. मात्रेचे दोन भाग, पहिला लांब, दुसरा आखूड. मध्य लयीत साधारण दोनास एक, लय वाढत गेली की दोन्ही भाग सारखे होत जातात. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. भजनात वाढलेले आपले हात पहिल्या आणि तिसऱ्यावर पडतात, ते आठवडाभरात सुटेल. अ‍ॅपवर 'स्विंग 66 टक्के' असं लावून बसू नका. टक्क्यांचं काम बँकेत.

आणि ते 'ट्रेडिंग फोर्स'. चार बार मी, चार बार तू. हे तुम्हाला काहीतरी अमेरिकन चमत्कार वाटतंय. अरे, श्रावणा-भाद्रपदात आपल्याकडे जाखडी होते, शक्तीवाले सवाल टाकतात, तुरेवाले जवाब देतात, रात्र रात्र चालतं. तिथे जवाब देणारी बाजू हवं तेवढं लांबवते. इथे चारच बार, आणि मागे साचा पुढे सरकतच असतो. म्हणजे तू तुझे चार बार वाजवून गप्प बसलास तरी मनात समोरच्याचे चार मोजायचेच आहेत, कारण तुझी पुढची पाळी येईल तेव्हा पाया भलतीकडे गेलेला असेल. काल तू तुझे चार वाजवलेस आणि पाण्याची बाटली उघडलीस. परत आलास तो अर्ध्या बाराने उशिरा. काळबादेवीच्या आजोबांना ते कळलं. मला त्यांनी जाताना विचारलं, 'त्या पोराला सम दिसत नाही का हो?' आज दुपारी त्यांच्याकडे जाऊन ये. काळबादेवी काही लांब नाही. कीबोर्ड नेऊ नकोस, थिअरी सांगू नकोस. ते मृदंग वाजवतील, तू नुसता सम मोज.

एक राहिलं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून शेवटी. कॉम्पिंग. तू काल तिच्यामागे जे केलंस त्याला हेच नाव आहे, म्हणजे असायला हवं होतं. साथ. साथ काय असते याचं उत्तर शोधायला तुला न्यू ऑर्लिन्सला जायला नको. गुहागरजवळच्या अडूरचे गोविंदराव पटवर्धन, 1925 चा जन्म, आपल्याच जिल्ह्यातला माणूस. छोटा गंधर्वांपासून वसंतराव देशपांड्यांपर्यंत सगळ्यांना त्यांचीच पेटी हवी असायची. ध्वनिमुद्रणं आहेत, ऐका. गाणारा तान घेऊन उतरतो, तिची सावली पेटीवर पडते, आणि गाणारा सुरावर स्थिरावला की पेटी बाजूला होते, त्याला जागा देते. वेगवान बोटं तर होतीच, स्वतंत्र वादनात नाट्यपद असं वाजवायचे की शब्द ऐकू यावेत. पण साथीला बसले की ती बोटं कुठे थांबवायची हे त्यांना गाणाऱ्याच्या श्वासावरून कळायचं. चांगल्या जॅझ पियानोवाल्याची साथ ऐका, तिथेही बारात दोनच ठोके असतात, कधी एकच, कधी काहीच नाही. तू काल तिच्या एकेका ओळीत किती कॉर्ड कोंबल्यास, आठवतंय? मला आठवतंय, पण सांगत नाही, ती बिचारी आणखी रडवेली होईल.

आता कामाचं. उद्या सकाळी सात वाजता सगळे इथे, पडवीत. समुद्रावर नाही, तिथे गाजेत तुमचा गांधार मला ऐकू येत नाही. तबलेवाला अठ्ठेचाळीस मात्रा धरेल. प्रत्येकाने बारा बार तोंडाने म्हणायचे, नुसता पायाचा सूर, सा, मध्यम, पंचम, मोजून. मग दुसरी फेरी फक्त गांधार, कुठे शुद्ध, कुठे कोमल. कुणी बार हरवला की सगळे पहिल्यापासून. गिटारवाले, तुम्ही वही आणायची आणि काय म्हटलंत ते स्वरलिपीत लिहून मला दाखवायचं. ज्याने ललत लिहिलं त्याने तक्ता उतरवायचा आणि ललत गाऊन तयार यायचं, तानपुऱ्यावर, शुद्ध गांधारासकट.

आणि तू. तुला पेटी देतो, कीबोर्ड नाही. दोन बोटं. मध्यम-सां, मध्यम-नि, गांधार-नि. बाराही पट्ट्यांत, दर वेळी आधी दोन्ही सूर गाऊन, मग दाबून. ते झालं की हिचं पद पुन्हा घेऊ, काळी पाचमध्ये, आणि साथ तूच करायची. तिला सा लागला की दोन्ही हात पेटीवरून उचलायचे, आणि ती पुढची ओळ उचलेपर्यंत खाली ठेवायचे नाहीत.